सिंहासन नंबर चार

तुर्भ्याच्या गोदामात सात सिंहासनं आहेत.
चौथं माझ्या ताब्यात.
सागाचं सांगतो आम्ही, आहे प्लायवूड,
वर सोनेरी पावडर, मरून मखमल,
हात टेकायला दोन सिंह.
डाव्या सिंहाचा जबडा ऐरोलीच्या एका रिसेप्शनला
नवरीच्या मामाने निखळवला, फोटोसाठी.
एम-सील लावून मी तो बसवला.
तेव्हापासून तो किंचित हसतो.

उलव्याच्या लग्नाची बोलणी मार्गशीर्षात झाली.
केयूर इव्हेंटवाला लॅपटॉपवर राजवाडे दाखवत होता,
जयपूर, म्हैसूर,
एक कुठलातरी परदेशी, कौलांवर बर्फ साचलेला.
नवरीचे वडील हसुराम घरत
चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. म्हणाले,
"ह्याच्यान हलद कुठं लावाची?"
केयूर थांबला.
एकाही राजवाड्यात हळदीची जागा नव्हती.

मग म्हैसूर ठरलं, मागच्या बाजूला हळदीचा मांडव जोडून.
यादी वाढत गेली:
घोडे दोन, एक नवऱ्याला, एक बिघडला तर.
अब्दागिरी. चौघडा, पेनड्राइव्हवर.
भालदार-चोपदार म्हणून कळंबोलीची कॉलेजची पोरं,
दिवसाचे नऊशे आणि जेवण,
मिशा चिकटवायच्या आमच्याकडून.

हळदीच्या रात्री बामीबाय धवलारीण आली,
नव्वारीचा ओचा घट्ट खोचून.
केयूरने पुढे केलेला माइक तिने
पाटावर आडवा ठेवला, लाटण्यासारखा.
आणि गाऊ लागली.
डीजेवाला पोरगा वायर हातात धरून उभाच राहिला.
तिच्या धवल्यात नवरा राजाच होता,
आधीपासून, फुकट.

लग्न वैशाखात, सातची वेळ, लागलं पावणेनऊला.
थर्मोकोलच्या महाद्वारातून नवरी आली, दीपश्री तिचं नाव,
शालू सावरत, खाली बघत,
कारण कार्पेटखालून एक पाइप गेला होता.
वरून विमान गेलं तेव्हा भटजींचा एक शब्द राहिला,
त्यांनी तो परत म्हटला.
चोपदारांपैकी एकाची मिशी वरणात पडली.
माझ्या सिंहासनावर त्या रात्री
मी मोजले तसे, चारशे अकरा लोक बसून गेले.

दोन वाजता लाइट उतरवायला लागलो.
हसुरामशेठ एकटेच आले, फेटा काखेत,
आणि टेकले सिंहासनावर, अगदी कडेला,
डॉक्टरकडे बसतात तसे.
"याचा भारा कवरा?"
साडेबारा हजार, म्हटलं.
ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.
"सारेबारा! हा आकरा आमची पाठ सोरत नाय.
जमीन गेली तवा सारेबारा टक्के,
त्याची फाइल बापानं काढली, भूखंड मना गावला,
तो इकला, त्याचं हे लग्न."
मग चपलेच्या टोकाने त्यांनी कार्पेट उचललं,
खाली नुसती माती, पांढरट, खारी.
"तुजा सिंव हाय ना, त्या जाग्यावर आमचा बांद.
लॉनवाल्याला चार लाख दिलं मी, रातचं."
पुढे काही बोलले नाहीत.
उजव्या सिंहाच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले,
आणि मी उगाच एक स्क्रू
पुन्हा पुन्हा सैल करत, आवळत राहिलो.

उरण फाट्याला नाकाबंदी.
टेंपोत ताडपत्रीखालून सिंहाचं तोंड बाहेर.
हवालदाराने टॉर्च मारला. "कोणाचं हे?"
छगनशेठचं, तुर्भे, गाळा नंबर बावीस,
चलन खिशात होतं माझ्या.
पण तोंडून गेलं,
"हसुराम घरतांचं. पोरीचं लग्न झालं,
परत नेतोय."
त्याने टॉर्च सिंहावरून माझ्यावर, माझ्यावरून सिंहावर फिरवला.
"जा," म्हणाला.

सानपाड्याच्या स्पीडब्रेकरला
जबडा पुन्हा निखळला.
मंगळवारी घोडबंदरला बुकिंग आहे.